दोन महिन्यांची नोटीस

४ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र खरं तर भावजींसाठी आहे. पाकिटावर तुझं नाव घातलं, कारण त्यांच्या नावाची पत्रंही तूच उघडतेस हे मला माहीत आहे. तेव्हा एवढं कर, वाच आणि त्यांच्यापुढे ठेव. मला उत्तर द्यायची तुझ्यावर सक्ती नाही. चार वर्षं दिलं नाहीस, तसंच चालू दे.

भावजी, नमस्कार. तुम्ही आयुष्यभर लोकांचे कर वाचवलेत, आता घरच्या माणसाचं जरा फुकटात बघा. प्रश्न दोन आहेत. माझी वरची खोली भाड्याने दिलेली आहे, तिचा करार आम्ही साध्या कागदावर केला होता. गेल्या वर्षी राज्याने जो नवा भाडे कायदा आणला, त्याप्रमाणे आता तो कार्यालयात जाऊन नोंदवावा लागेल, असं वरचे म्हणतात. खरं का? आणि भाड्याच्या उत्पन्नातून दुरुस्तीचा खर्च वजा करता येतो, असंही वरचे म्हणतात. त्याला काही मर्यादा आहे का? पावत्या सोबत जोडल्या आहेत.

वरचे म्हणजे माझे भाडेकरू. ताई, हे मात्र तुझ्यासाठी. दारात उभं राहून तू मला म्हणाली होतीस, 'परका पुरुष घरात घेशील आणि मग रडत माझ्याकडे येशील.' मी अजून रडलेले नाही, ही नोंद असावी.

वरचे सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक होते. मजकूर छापला जाण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या, हे त्यांचं काम. निवृत्त होण्यापूर्वी त्यांनी शेवटचा तपासला तो हाच भाडे कायदा. त्यामुळे तो त्यांना पाठ आहे. नुसता पाठ असता तर मी सोसलं असतं, पण ते तो पाळतात आणि मलाही पाळायला लावतात. मालकाला भाडेकरूच्या खोलीत जायचं असेल तर एक दिवस आधी लेखी कळवावं लागतं म्हणे. मला कुठे ठाऊक! मी आपली जिना चढून दार वाजवलं, तर दार अर्धवट उघडून म्हणाले, "मला काही अडचण नाही, पण तुम्ही नियमात अडकाल. उद्या चालेल का?"

माझ्याच घरात मला उद्याची वेळ! मी जिन्यावरच अशी तणतणले की समोरच्या घराची खिडकी उघडली. पण खाली येऊन चिठ्ठी लिहिली, 'उद्या चार वाजता खिडकीची कडी बघायला येईन', आणि त्यांच्या दाराखालून आत सरकवली. संध्याकाळी तीच चिठ्ठी माझ्या दाराखालून परत आली. खाली लिहिलं होतं, 'हरकत नाही. चहा ठेवतो.'

असा माणूस आहे. भावजींना म्हणावं, उत्तर सवडीने दिलं तरी चालेल.

धाकटी


२० फेब्रुवारी

ताई,

भावजींचं उत्तर मिळालं. टाइप केलेलं, मुद्देसूद, खाली सही. करार नोंदवायलाच हवा आणि दुरुस्तीची वजावट ठरावीक टक्क्यांपर्यंतच मिळते, हे कळलं. त्यांना माझे आभार सांग.

पण समासात शिसपेन्सिलीने काय लिहिलंय ते! 'एका खोलीला एवढी दुरुस्ती? भिंती तरी उरल्यात का?' ही काही भावजींची भाषा नाही, आणि ते 'उ' तर मी कुठेही ओळखेन. चार वर्षांनी बोललीस ती टोमणा मारायलाच. मी तो कागद दोनदा वाचला, मग स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवून ठेवला. वरच्यांनी बघितला तर बघितला.

आता तुझ्या शंकेचं उत्तर. घर जुनं आहे. कडी सैल होती, ती बसवली. मग नळ गळत होता. मग दाराची बिजागरी कुरकुरत होती, कोपऱ्यात ओल दिसली, आणि दिवा बदलला. तो दिवा तसा चालू होता, हे भावजींना सांगू नकोस. पुढच्या वेळी ती पावती मी काढून घेईन.

बरं, सांगतेच. कायद्यात असं आहे की मालकाने सारखं भाडेकरूच्या खोलीत शिरू नये, काही कारण हवं. दुरुस्ती हे कारण चालतं. म्हणून मला दर आठवड्याला काहीतरी बिघडलेलं सापडतं. वरच्यांना ते माहीत आहे की नाही, देव जाणे. मागच्या चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं होतं, 'खिडकीची दुसरी कडीही जरा संशयास्पद वाटते.'

काम मी करते. आमच्या ह्यांचं दुकान मी दहा वर्षं सांभाळलं, पाना-पक्कड काय मला नवी नाही. वरच्यांचे हात निव्वळ कागदाचे. ते स्टूल धरतात. असं धरतात की जणू मी त्यावरून पडले तर राज्याची तिजोरी बुडेल. मग चहा होतो. चहा बरा करतात, साखर मोजून घालतात. मग वर्तमानपत्र काढून मला त्यातल्या छपाईच्या चुका वाचून दाखवतात. परवा कुठल्याशा मंत्र्यांनी पुलाचं उद्‌घाटन करण्याऐवजी पुलाचं उच्चाटन केलं होतं. मी इतकी हसले की चहा नाकात गेला. त्यांनी रुमाल पुढे केला आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, मला संकोच नको म्हणून.

लग्न केलं नाही त्यांनी. मी विचारलं एकदा, तर म्हणाले, "मजकूर तपासता तपासता राहून गेलं."

ताई, हे गेल्यावर तू मला तुझ्याकडे न्यायला निघाली होतीस, खोलीसुद्धा रंगवून ठेवली होतीस, आणि मी आले नाही. तुला राग आला तो मला कळतो. पण मला माझ्या घरात राहायचं होतं, आणि राहण्यासाठी घराने स्वतःचा खर्च काढायला हवा होता. एवढंच होतं ते. तुझ्यावर काही नव्हतं.

करार नोंदवायला पुढच्या आठवड्यात जायचं ठरलंय. वरचे म्हणतात, लवकर गेलं की रांग नसते.

धाकटी


२ मार्च

भावजींना एक विचार. भाडेकरू गेला आणि खोली काही दिवस रिकामी राहिली, तर त्या दिवसांचा कर कसा धरतात?

वरचे चाललेत. गेल्या आठवड्यात दाराखालून पाकीट आलं. मला वाटलं चहाचं असेल. आत नोटीस होती. कायद्यात आहे तसं, दोन महिने आधी, तारखेसकट, एप्रिलच्या शेवटी खोली सोडतो म्हणून. अक्षर नेहमीसारखं सुरेख. कारणाच्या ठिकाणी फक्त 'वैयक्तिक'.

मी रीतसर पोच दिली. 'आपली नोटीस मिळाली' असं लिहून सही केली आणि वर सरकवली. भाडेकरू येतात, भाडेकरू जातात. त्यात काय विशेष! करार नोंदवायचा खर्चही वाचला.

चहा बंद झालाय. गुरुवारी मी चिठ्ठी दिली होती, तिच्यावर 'या काळात दुरुस्तीची गरज नाही, धन्यवाद' असं आलं.

ताई, मला जेवण जात नाही. दोन घास खाते आणि वर पावलं वाजतात का ते ऐकत बसते. हे असं मला ह्यांच्या जाण्यानंतर झालं होतं, आणि आता या वयात एका भाडेकरूसाठी व्हावं याची मला लाजही वाटते आणि रागही येतो. ते जाऊ नयेत असं मला वाटतं. हे दुसऱ्या कुणाला सांगू? तू बोलत नसलीस तरी ऐकतेस, एवढं मला माहीत आहे.

धाकटी


२४ मार्च

ताई,

चार वर्षांनी तुझं पहिलं पत्र, आणि त्याची सुरुवात 'बावळट' अशी! काय बरं वाटलं म्हणून सांगू. खरंच. 'बावळट, नोटिशीला पोच कसली देतेस, सरळ वर जा आणि का चाललात ते विचार.' तू समोर असतीस तर मी तुझ्या गळ्यात पडले असते, मग भांडले असते.

तुझं ऐकलं. चिठ्ठी दिली, दुसऱ्या दिवशी वर गेले. स्टूल नाही, चहा नाही, दोघंही उभे. मी म्हटलं, "का चाललात?" त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "कारण सांगणं भाडेकरूवर बंधनकारक नाही."

असं म्हणाले, ताई! मला! मी म्हटलं, "मी कायद्याचं नाही विचारत." तर म्हणाले, "मला माहीत आहे. पण आत्ता सांगता येणार नाही." मी ते 'आत्ता' ऐकलंसुद्धा नाही. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, जायचंय ना, जा खुशाल. तशीच खाली आले, पाटी लिहिली आणि फाटकाला टांगली.

पाटीची शाई वाळायच्या आत एक मुलगी आली. मुलगी म्हणजे तिशीतली असेल, मोठ्या रुग्णालयात परिचारिका आहे. सध्या तिघींबरोबर एका खोलीत राहते, आणि हिची पाळी रात्रीची असली की बाकीच्या दिवसभर गप्पा मारत बसतात. म्हणाली, "काकू, मला फक्त दिवसा झोपायला मिळेल अशी जागा हवी." डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं. मला तिथल्या तिथे दया आली.

खोली दाखवायला मी वरच्यांना आदल्या दिवशी कळवलं, रीतसर. तर त्यांनीच तिला खोली दाखवली. कुठली खिडकी ओढून घ्यावी लागते, नळ कुठपर्यंत फिरवायचा, पहाटे ऊन कुठे येतं. "दिवसा झोपायचं तर पलंग या भिंतीला लावा," म्हणाले. मी दारात उभी होते. माझ्या घरातली ती खोली त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, हे मला तेव्हा कळलं.

मग परवा आम्ही दोघी कार्यालयात गेलो आणि करार नोंदवला. एक मेपासून, पूर्ण दोन वर्षांचा. तिथला कारकून म्हणाला, नोंदवलेला करार आता मालकालासुद्धा मधेच मोडता येत नाही, मुलगी सोडेल तेव्हाच सुटेल. मी म्हटलं, उत्तम.

घरी आले तर वरचे जिन्यात भेटले. त्यांना सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"नोंदवलासुद्धा?" म्हणाले.

"का, नियमात बसत नाही?"

"बसतं," म्हणाले, आणि कठडा धरून उभेच राहिले. मला क्षणभर बरं वाटलं, मग अजिबात बरं वाटलं नाही.

तू विचारतेस की मी त्यांना 'राहा' असं तोंडाने म्हटलं का. नाही म्हटलं. ज्याने लेखी कळवलंय की जातो, त्याला मी कशी अडवू? मालकीण आहे मी. मालकिणीने 'जाऊ नका' म्हटलं तर भाडेकरूला वाटणार, हिला भाडं बुडायची भीती. तू म्हणशील, काय हा मानभावीपणा. असेल. पण मला खरंच सुचलं नाही.

भावजींचा खोकला कसा आहे? त्यांना रात्री कोमट पाणी देत जा.

धाकटी


२ मे

ताई,

बस. हातातलं काम ठेव आणि बसून वाच. भावजींना हाक मार हवी तर.

परवा तीस तारीख. सकाळी दहाला खोली ताब्यात घ्यायची होती. मालक आणि भाडेकरू दोघांनी मिळून खोली बघायची, काही मोडलंतुटलं असेल तर तिथेच ठरवायचं आणि अनामत व्याजासकट हातात द्यायची, असा नियम आहे. मी अनामतीचं पाकीट घेऊन वर गेले. आदल्या रात्री मी ठरवून ठेवलं होतं की रडायचं नाही, रडायचं तर खाली येऊन.

खोली लख्ख होती. एक पत्र्याची पेटी, एक पुस्तकांचं खोकं, गुंडाळलेली गादी. भिंतीला एक खिळासुद्धा जास्तीचा नाही. मी इकडेतिकडे बघितल्यासारखं केलं आणि पाकीट दिलं. त्यांनी मोजलं, पावती लिहिली, 'माझी काही मागणी उरलेली नाही' याखाली सही केली. मग किल्ली माझ्या हातात ठेवली.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. आता तुम्ही माझ्या मालकीण नाही आणि मी तुमचा भाडेकरू नाही."

"मग आपण एकमेकांचे कोण?" मी चिडून म्हटलं. माझा आवाज फाटलाच.

"तेच विचारायचं होतं," ते म्हणाले. "माझ्याशी लग्न कराल का?"

ताई, मी गादीच्या गुंडाळीवर बसले.

ते उभेच होते, मुलाखतीला आल्यासारखे. म्हणाले, "मी भाडेकरू असताना विचारलं असतं आणि तुम्हाला नाही म्हणायचं असतं, तर तुम्ही काय केलं असतं? मला काढताही आलं नसतं. रोज जिन्यात मी, पुन्हा मीच. आणि हो म्हटलं असतंत, तर उद्या तुमच्या मनात आलं असतं, याने भाडं चुकवायला हे केलं की काय. तुम्हाला मोकळेपणाने नाही म्हणता यायला हवं होतं. त्यासाठी मी आधी बाहेर पडायला हवं होतं. त्याला दोन महिने लागतात."

"आणि मी हो म्हटलं असतं तर?" मी ओरडले.

"तो भाग मी जास्त तपासला नाही," ते म्हणाले.

मग माझी जी सुरुवात झाली! सगळा राग बाहेर. दोन महिने मी जेवले नाही, दोन महिने तुमच्या पावलांकडे कान लावून बसले, चहा बंद केलात, 'धन्यवाद' लिहिलंत, अहो, असा कायदा कुणी प्रेमाला लावतं का? त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान खाली घालून. मधेच फक्त एकदा म्हणाले, "म्हणजे तुम्हीही?" मी म्हटलं, "मीही काय मीही! हो! कधीपासूनचं हो!" त्यांनी रुमाल काढला. या वेळी भिंतीकडे तोंड केलं नाही, आणि रुमाल त्यांनाच लागला.

तर असं मी हो म्हटलं, तू ऐक, आरडाओरडा करत.

"पण मग आता जाताय कुठे?" मी विचारलं.

"एका जुन्या सहकाऱ्याकडे खोली बघून ठेवली आहे, तुम्ही नाही म्हटलं तर. हो म्हटलं तर मी धरलं होतं की ही रिकामीच असेल." आणि मग अगदी हळू आवाजात, "तुम्ही इतक्या लवकर करार कराल हे लक्षात आलं नाही."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"करार नोंदवला गेला होता. त्या मुलीचा हक्क लागला."

एवढ्यात खाली फाटक वाजलं. परिचारिका आली होती, एक दिवस आधीच, रात्रपाळी करून, हातात दोन पिशव्या, डोळ्यांवर झोप. "काकू, सामान तेवढं ठेवून जाऊ का? राहायला उद्या येईन." तिने आमच्याकडे बघितलं. माझे डोळे लाल, ह्यांचे डोळे लाल. बिचारी म्हणाली, "मी नंतर येऊ का?"

"छे," मी म्हटलं, "झोप तू. आत्ताच झोप. खोली रिकामी आहे." आजपासून झोपलीस तर त्या दिवसाचं भाडं नको, हेही सांगितलं. ह्यांनी तिला पलंग कुठल्या भिंतीला लावायचा ते परत एकदा दाखवलं.

मग आम्ही दोघं ती पत्र्याची पेटी घेऊन जिना उतरलो. एक टोक त्यांनी धरलं, एक मी. खालच्या वळणावर त्यांनी विचारलं, कुठे ठेवायची. मी म्हटलं, बाहेरच्या खोलीत, खिडकीशी. तिथे दिवाण आहे, तो आता त्यांचा. लग्न नोंदवायलाही आधी महिन्याची नोटीस द्यावी लागते, तुला माहीत होतं? त्यांना अर्थात माहीत होतं. अर्ज त्यांच्या खिशातच होता, त्यांची बाजू भरलेली.

समोरच्या घराची खिडकी दोन दिवस बंदच होत नाहीये. उघडी राहू दे. मला कसली लाज उरलेली नाही.

साक्षीदार लागतात, ताई. एक भावजी आणि एक तू. रंगवलेली खोली, ते सगळं, समोरासमोर बसून भांडू, मला तुझ्याशी मनसोक्त भांडायचंय. भाड्याचं उत्पन्न तेवढंच आहे, घरात माणूस मात्र एक वाढलं, तर करात काही फरक पडतो का, हे भावजींना विचार. नाहीतर राहू दे. आल्यावर बघू.

आज सकाळी काय झालं, ते सांगते आणि थांबते. मी जागी झाले तेव्हा स्वयंपाकघरात कुणीतरी पेला विसळत होतं. वर नाही, खाली, माझ्याच मजल्यावर. वरच्या मुलीला झोपमोड नको म्हणून अगदी हळू, नळ थोडासाच सोडून. मग डब्याचं झाकण वाजलं, मग थोडा वेळ काहीच नाही, बहुधा साखर मोजत असतील. रोज मी जागी झाले की लगेच उठते, कारण मी उठले नाही तर घरात काहीच हलत नाही. आज उठले नाही. ऐकत पडून राहिले.

तुझी धाकटी